चार अंशांचं सलाईन

१४ नोव्हेंबर २०११

शेवटी फ्रिज आला. रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराशी, ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारी बसवलाय. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठा. लुबोशला गाडी चालवायची सोडून सकाळभर त्याचं दार उघडमीट करण्याचाच उद्योग होता.

"हिनेक, पिशव्या उभ्या लावल्या तर बाजूला बिअरचे चार डबे सहज मावतील."

"हात लावून बघ."

"अरे, पेशंटलाच देऊ की! आमचे आजोबा बाटली उघडल्याच्या आवाजाने जागे व्हायचे. मेले त्या दिवशी कुणी बाटली उघडलीच नाही."

हसलो. दोन वर्षं मी या फ्रिजसाठी वरच्या साहेबांच्या मागे लागलो होतो. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या माणसाचं खरं नुकसान नंतर होत राहतं, मेंदू आतल्या आत सुजत जातो. म्हणून इस्पितळात अशा लोकांना दिवसभर तेहतीस अंशांवर ठेवतात. पण आमच्या डोंगरातल्या गावांमधून जिल्ह्याला पोचायला तास लागतो, बर्फात त्याहून जास्त. तो तास का घालवायचा? नाडी परत आली की तिथेच, जमिनीवरच, चार अंशांचं सलाईन शिरेत सोडायचं, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या लावायच्या. इतकं साधं आहे हे.

डॉक्टर व्लास्ताने फ्रिजमध्ये डोकावून पाहिलं आणि नेहमीप्रमाणे माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "हिनेक, आपण थंड करतो म्हणून ते वाचतील, की जे वाचणारच आहेत तेवढेच आपल्या हातून थंड होतील?"

"कळेलच."

"कळायला बरीच माणसं लागतात," ती म्हणाली आणि तिच्या छोट्या गाडीत बसून निघून गेली.

बायको, रेनाता, अजून घरात असती तर म्हणाली असती, लग्न त्या फ्रिजशीच करायचं होतंस. तिचं चुकलं असतं असंही नाही.

३ डिसेंबर

आतापर्यंत दोघांना दिलं. दोघंही गेले. पहिली म्हातारी होती, तिच्याकडून फारशी आशा नव्हतीच. दुसरा बसचा ड्रायव्हर. दुसरी पिशवी अर्धी झाली नाही तोच त्याचं हृदय पुन्हा बंद पडलं आणि तोंडातून गुलाबी फेस आला. व्लास्ता म्हणाली, दमलेल्या हृदयात एवढं पाणी एवढ्या घाईने ओतलं की फुफ्फुसं भरायचीच. मी म्हणालो, तो तसाही गेला असता.

तसाही. लिहून बघितलं तर शब्द बरा दिसत नाही.

२१ जानेवारी २०१२

आजचं सगळं लिहून ठेवतो, कारण असा दिवस पुन्हा येईल की नाही सांगता येत नाही.

लिपोवा गावात एका अंगणात डुक्कर कापायचा कार्यक्रम चालू होता. आम्ही पोचलो तेव्हा धड शिडीवर उलटं टांगलेलं, हौदातून वाफा निघत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक दांडगा माणूस बर्फात उताणा पडला होता. शेजारी त्याच्या छातीवर दाब देत होता आणि रडत होता. रक्तानं भरलेला रबरी एप्रन अजून त्या शेजाऱ्याच्या अंगावर होता, त्यामुळे क्षणभर वाटलं भोसकाभोसकीच झाली आहे. माणसाचं नाव ओल्द्रिख, वय त्रेपन्न. सगळे ओल्दा म्हणतात. काचेच्या कारखान्यात पेल्यांवर नक्षी कोरतो. बायको झ्देन्का उंबऱ्यात उभी. हातात सॉसेजसाठी सोललेल्या लसणाचं भांडं होतं, ते तिने शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही.

शॉक दिला. काही नाही. परत दिला. व्लास्ता आली, घशात श्वासाची नळी घातली. मी दाबत होतो, माझ्या हाताखाली एक बरगडी मोडली. तिसऱ्या शॉकनंतर मानेपाशी बोटाखाली काहीतरी हललं. मी ओरडलो, "आहे!" लुबोश फ्रिजकडे असा पळाला की दोनदा घसरला. पिशव्या दाबून दाबून आत सोडल्या. सलाईनची नळी हाताला बर्फासारखी लागत होती. घरच्यांनी डुकराच्या आतड्यांसाठी आणलेल्या पिशव्यांत आम्ही अंगणातला बर्फ भरून त्याच्या मानेला लावला. व्लास्ताचं लक्ष मॉनिटरवरून हटत नव्हतं. फेस नाही, दुसऱ्यांदा बंद पडणं नाही. जिल्ह्याला पोचलो तेव्हा अंगाचं तापमान चौतीसच्या खाली. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "हे तुम्ही गाडीत केलंत?"

निघताना झ्देन्का मला म्हणाली होती, "त्याला थंडी वाजेल हो." मी म्हणालो, "वाजू द्या बाई, तेच हवंय."

२७ जानेवारी

ओल्दा जागा झाला! नळी काढल्यावर पहिलं वाक्य, "सॉसेज झाले का?" अख्ख्या वॉर्डाला हसू फुटलं म्हणे. झ्देन्काने मला फोन करून सांगितलं. बोलता बोलता रडत होती. म्हणाली, "तुम्ही मला माझा माणूस परत दिलात." मी स्वयंपाकघरात उभा राहून एकटाच मोठ्याने हसलो.

इस्पितळाच्या हिशोबाने हा 'चांगला परिणाम' आहे. स्वतः चालतो, स्वतः खातो.

१५ एप्रिल

आज रविवार, मोकळा होतो, लिपोवाला जाऊन आलो. झ्देन्काने बदक, कोबी आणि पिठाचे उकडलेले क्नेदलीक केले होते. ओल्दा तब्येतीने ठणठणीत. माझा हात जोरात दाबला आणि विचारलं, "तुम्ही वीज मंडळाचे का?" सांगितलं. थोड्या वेळाने परत तेच. नंतर पुन्हा. विनोदी माणूस आहे, मला वाटतं मजा करत होता.

जेवताना झ्देन्का त्याच्या ताटातलं कापून देत होती. लग्नाला तीस वर्षं होऊनही अशी माया असते काही घरांत. पाहून बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, ते सोडलंय. "त्याला एकटं ठेववत नाही," म्हणाली.

"होईल हळूहळू," मी म्हणालो.

"डॉक्टरही तेच म्हणतात." मग भांडी विसळत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "हिनेक, त्या दिवशी तुम्हाला यायला जरा उशीर झाला असता तर?"

"तर तो वाचला नसता. अगदी थोडक्यात निभावलं."

"थोडक्यात," ती म्हणाली.

१२ जून

आपल्या केंद्राचा नागरिकांसाठी खुला दिवस. मोठे साहेब, आमदार, वर्तमानपत्रवाले, शाळेची मुलं. मी तक्ते लावून थंड करण्याची पद्धत समजावली. आतापर्यंत अकरा जणांना दिलं, त्यांतले तीन घरी गेले. मग ओल्दाला मंचावर बोलावलं. निळा सूट, बायकोने बांधलेला टाय. टाळ्या वाजल्या. साहेबांनी विचारलं, "कसं वाटतंय?" ओल्दा म्हणाला, "उत्तम. घरी कधी जायचं?" सगळे हसले. साहेबांनी मुलांना काच कशी कोरतात ते सांगायला सांगितलं. ओल्दाने हात पुढे धरला, जणू त्यात पेला आहे, आणि तसाच थांबला. बराच वेळ. मग त्याची पँट ओली झाली. पहिल्या रांगेतून झ्देन्का झटकन वर आली, आपला कोट त्याच्या कमरेला गुंडाळला आणि त्याला घेऊन गेली.

इतक्या लोकांसमोर कुणीही घाबरेल. मंचावर बोलावण्याआधी स्वच्छतागृहाचं विचारायला हवं होतं, ती चूक माझी.

नंतर मी तक्ते उतरवत होतो. लुबोश ते गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तू त्या बाईकडे बघितलंस का?"

"थकली आहे. उन्हाळा आहे."

"बरं," लुबोश म्हणाला. लुबोश 'बरं' म्हणून थांबतो तेव्हा मला त्याचा राग येतो.

वर्तमानपत्रात फोटो चांगला येईल. कमरेच्या वरचाच घेतलाय.

३० सप्टेंबर

लिपोवा. ओल्दाच्या कामाच्या खोलीत कोरायचं चाक पुन्हा लावून दिलंय. मीच सुचवलं होतं, हातांना जुनं काम आठवतं म्हणून. त्याने पेला चाकाला लावला आणि दाबत राहिला, फुटेपर्यंत. मग दुसरा. हसत होता. झ्देन्का खाली बसून तुकडे वेचत होती. तिच्या मनगटावर काळानिळा डाग दिसला. "ओव्हनचा चटका," म्हणाली. चटका असा दिसत नाही, पण स्वयंपाकघरात काय काय लागतं माणसाला.

त्यांची मुलगी मागदा प्रागहून यायची, ती आता फोनच करते.

२५ डिसेंबर

नाताळला त्यांनी बोलावलं, नाही तर मी काय केलं असतं? टीव्हीसमोर तळलेला मासा. ओल्दाने मला चार वेळा नाताळच्या शुभेच्छा दिल्या. जेवणानंतर उठला, कोट घातला आणि दाराशी उभा राहिला. "चला, उशीर झाला. माझी बायको वाट बघत असेल."

झ्देन्का म्हणाली, "मीच तुझी बायको रे."

त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही फार चांगल्या आहात बाई," म्हणाला, "पण माझी झ्देन्का गाते."

मी तिला विचारलं, गाता तुम्ही? चर्चच्या गायनमंडळात गात होती म्हणे, एवढ्यात जमलं नाही. मी म्हणालो, एकदा गाऊन दाखवा त्याला, स्मृती अशाच जाग्या होतात. ती गायला लागली. आवाज चिरकला, मध्येच थांबली. ओल्दाने नम्रपणे टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा दाराकडे वळला.

मला तर यात आशा दिसते. बायको गाते हे त्याच्या लक्षात आहे. म्हणजे आत कुठेतरी सगळं शाबूत आहे.

९ मार्च २०१३

आणखी एक गुलाबी फेस. चाळीस वर्षांचा, दोन लहान मुलं. व्लास्ताने गाडीतच सलाईन बंद करायला लावलं. मी वाद घातला. ती म्हणाली, "हिनेक, तू त्याला थंड करतो आहेस की बुडवतो आहेस?"

लिहायचं नव्हतं हे. लिहिलं.

१८ नोव्हेंबर

अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. हजारावर माणसं. निम्म्यांना गाडीतच थंड केलं, निम्म्यांना नाही. जगणाऱ्यांत फरक नाही. शुद्धीवर येणाऱ्यांत फरक नाही. फरक एवढाच की थंड केलेल्यांची हृदयं वाटेत जास्त वेळा पुन्हा बंद पडली आणि फुफ्फुसांत जास्त पाणी झालं.

व्लास्ताने छापून आणला होता. 'मी म्हणत होते' असं ती म्हणेल याची वाट बघत मी वाचत राहिलो. ती म्हणाली, "चहा घेतोस का?"

मी म्हणालो, "मग ओल्दा?"

"ओल्दा शॉकमुळे वाचला. शेजाऱ्याच्या हातांमुळे. पाण्यामुळे नाही."

"आणि वाचला ना?"

तिने कप पुढे सरकवला आणि खिडकीकडे वळली. 

५ डिसेंबर

फ्रिज काढला. मेकॅनिकला दहा मिनिटंही लागली नाहीत. खाली चार स्क्रूची भोकं राहिली. लुबोश म्हणाला, "हिनेक, तुझं मन होतं त्यात, मला कळतं." त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जेवलो नाही. त्या बसच्या ड्रायव्हरचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आठवत नाही. फेस तेवढा आठवतो.

११ फेब्रुवारी २०१४

सकाळी कॉल. लिपोवा, पुरुष, पंचावन्न, कोसळला, श्वास नाही. नाव सांगायच्या आधीच मला कळलं. लुबोशलाही. त्याने सायरन लावला आणि गाडी दामटली.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात ओल्दा जमिनीवर आडवा. डोक्याखाली उशी, अंगावर हनुवटीपर्यंत रजई, केस विंचरलेले. टेबलावर फोन, स्पीकर चालू. नियंत्रण कक्षातली मुलगी मोठ्याने मोजत होती, "तीन, चार, जोरात दाबा बाई, मदत आलीच, दाबताय ना?" आणि झ्देन्का खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर. शांत आवाजात म्हणाली, "हो. दाबते आहे."

मी आत आलो तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून फोन बंद केला.

मी गुडघ्यांवर बसलो. रजई बाजूला केली. तो ऊबदार होता. छातीला शॉकच्या पट्ट्या लावल्या. मॉनिटरवर सरळ रेघ असावी असं मी क्षणभर मनात म्हणालो, देवाशपथ म्हणालो. रेघ थरथरत होती. शॉक देता येण्यासारखी.

"हिनेक," ती म्हणाली. "नको."

"बाई, मला..."

"दोन वर्षं तुम्ही या घरात जेवलात. नको म्हणते मी."

लुबोश बॅगवर हात ठेवून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. व्लास्ता वाटेत होती. 'आता पुरे' म्हणायचा अधिकार डॉक्टर म्हणून तिला आहे, मला नाही. हे मी स्वतःला सांगितलं. पण इथे खोटं कशाला लिहू? अधिकाराचा विचार मी केलाच नाही. थरथरती रेघ दिसली आणि माझा अंगठा बटणावर गेला.

पहिल्याच शॉकला परत आला. पहिल्याच. एवढ्या सहज कुणी परत येत नाही.

व्लास्ता धापा टाकत आत आली, झ्देन्काकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, मला म्हणाली, "थांब हिनेक."

"नाडी आहे," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. "मग आता थांबवणं माझ्याही हातात नाही."

झ्देन्का उठली. बेसिनपाशी गेली, कॉफीचा कप धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "पुन्हा?" एवढंच. ओरडली असती तर मी सहन केलं असतं.

व्लास्ताने लिहिता लिहिता विचारलं, "आम्ही येईपर्यंत छातीवर दाब कुणी दिला?"

नळाचं पाणी वाहत होतं. मी ऑक्सिजनची नळी पुन्हा तपासली.

"बाईंनी," लुबोश म्हणाला. "आम्ही आलो तेव्हा देतच होत्या."

व्लास्ताने झ्देन्काच्या इस्त्री केलेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि तसं लिहून टाकलं.

१२ फेब्रुवारी

आज मागचं सगळं पहिल्या पानापासून वाचलं. मीच लिहिलंय सगळं, माझ्याच अक्षरात. मनगटावरचा डाग. नाताळच्या रात्री दाराशी उभा राहिलेला माणूस. भांडी विसळताना विचारलेला प्रश्न. सगळं मी पाहिलं, इथे उतरवलं, आणि खाली शेरा मारला की आशा दिसते.

ती मला दर वेळी सांगत होती. मी दर वेळी क्नेदलीक आणखी वाढून घेत होतो.

२ मार्च

ओल्दा उठला नाही. डोळे उघडतो, कुठेच बघत नाही. गळ्याला भोक पाडून तिथून श्वास चालू आहे. त्याला दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या वॉर्डात हलवलं. मी सुट्टीच्या दिवशी गेलो. झ्देन्का कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. मी समोर उभा राहिलो. माफी मागायला बरीच वाक्यं तयार करून नेली होती.

"बसा," ती म्हणाली. "उभे राहिलात की परत काहीतरी कराल असं वाटतं."

बसलो.

"मी त्याला मारलं नाही," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. "तो चहा पिता पिता पडला. मी फोन केला. ती मुलगी म्हणाली, हात छातीवर ठेवा. मी हात पुढे केले आणि पाहिलं, तर त्याचा चेहरा निवांत होता. दोन वर्षांनी पहिल्यांदा तो माझा ओल्दा दिसत होता. मग मी उशी आणली."

"मी कुणाला सांगणार नाही."

"सांगा की! सांगायचं तर सांगा. मला आता कशाची भीती?" मग वळून प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही यायचात. त्याचं विचारायचात. झोप कशी, भूक कशी, आठवतं काय काय. कधी एकदा मला विचारलंत?"

नव्हतं विचारलं.

"मी वाट बघायचे," ती म्हणाली. "रविवारी तुमची गाडी दिसली की वाटायचं, आज हा विचारेल. शहाणा माणूस आहे, या गोष्टी रोज बघतो, आज विचारेल. आणि तुम्ही त्याला पेले फोडायला चाक लावून दिलंत."

२३ मार्च

दर आठवड्याला जातो. ती हाकलत नाही, बोलवतही नाही. तिथली नर्स मला त्याचा भाऊ समजते. आम्ही दोघं त्याला कुशीवर वळवतो, पाठीला तेल लावतो. पाठीवर जखम होऊ लागली आहे. ही कामं मला येतात. घरातून पेशंट निघाला की आमचं काम संपतं असं मी इतकी वर्षं समजत होतो.

केंद्रात रजेचा अर्ज दिला. मागच्या कॉलवर एका म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवले आणि दाबेनातच. लुबोशने मला खांद्याने ढकललं आणि स्वतः सुरू केलं. म्हातारा गेला. लुबोशने नंतर मला काही म्हटलं नाही, उलट सिगारेट दिली. मी ओढत नाही हे त्याला वीस वर्षं माहीत आहे.

१७ एप्रिल

फुफ्फुसांत जंतुसंसर्ग. वॉर्डाच्या डॉक्टरने झ्देन्काला आत बोलावलं. तिने मला दारातून खूण केली, तुम्हीही या. तरुण डॉक्टर, गोष्ट फिरवून फिरवून सांगत होता. अँटिबायोटिक देता येईल, पण... अतिदक्षता विभागात नेता येईल, पण... झ्देन्काने त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "मला विचारता आहात ना?"

"हो."

"मग नको."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांना विचारलंत, त्यांनी सांगितलं."

१९ एप्रिल

ओल्दा गेला. दुपारी, जेवणाच्या गाड्या परत नेत होते तेव्हा.

झ्देन्का खुर्चीतच झोपली होती, तोंड उघडं, बूट काढलेले. मी पलंगाच्या या बाजूला बसलो होतो. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. हा आवाज मला पाठ आहे. आमच्या धंद्यात हा आवाज आला की माणूस धावतो. माझे हात आपोआप उठले. खरंच उठले, मी बघितले. मग मी ते ओल्दाच्या हातावर ठेवले आणि तिथेच दाबून धरले.

तिला उठवावं की झोपू द्यावं, हा विचार करण्यात दोन श्वास गेले. मग हाक मारली. "झ्देन्का, आता."

ती लगेच जागी झाली. अनवाणी आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. एक श्वास आला. आम्ही पुढच्याची वाट पाहिली. आला नाही. बाहेर कुणीतरी ट्रे पाडला आणि एक बाई त्याच्यावर खेकसली. झ्देन्का हलली नाही, मीही नाही. नर्सला बोलवायची घाई नव्हती.

फार वेळाने ती म्हणाली, "अजून त्याचा हात दाबून धरलाय तुम्ही."

"हो."

"सोडा त्याला आता."

सोडला. मग मी तिला विचारलं, तुम्ही काही खाल्लंय का? सकाळपासून?

"कालपासून नाही," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून बूट घालायला लागली. नाड्या बांधता येईनात. मी खाली बसून बांधून दिल्या. वर पाहिलं तर ती रडत होती, तोंड न झाकता, आवाज न करता. मी बाजूला झालो नाही.